आपला ट्रान्झिस्टर

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी लाईट गेले. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला, फ्रीजची घरघर बंद पडली आणि समोरच्या इमारतीतला कुणाचा तरी टीव्ही वाक्य अर्धवट टाकून गप्प झाला. आई स्वयंपाकघरात विळीवर बसून मेथांब्यासाठी कैरीच्या फोडी करत होती. घरभर कैरीच्या चिकाचा तो आंबट, जरा डोक्यात जाणारा वास. मान वर न करता ती म्हणाली, "आपला ट्रान्झिस्टर कुठे आहे रे? सेल घालून लाव की जरा." मी आतल्या खोलीतून म्हणालो, "माळ्यावर असेल, बघतो." आणि उठलो नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. अर्ध्या तासाने लाईट आले, पंखा सुरू झाला आणि विषय संपला.

माझ्यापुरता मात्र तो संपला नाही. मी म्हणालो ते तसं खोटं नव्हतं. चामड्याच्या कव्हरातला तो रेडिओ माळ्यावर जुन्या गादीशेजारच्या खोक्यात होताच. पण आईच्या तोंडी ट्रान्झिस्टर म्हणजे अख्खा रेडिओ, तिच्या पिढीतल्या सगळ्यांच्या तोंडी तसंच. माझ्या तोंडी ट्रान्झिस्टर म्हणजे त्या रेडिओच्या पोटातला शेंगदाण्याएवढा, तीन पायांचा, धातूचा तुकडा. आणि तो माळ्यावर नव्हता. तो माझ्या खोलीत, ॲल्युमिनियमच्या एका डबीत, मी रोज पायाने दाबतो त्या खटक्याच्या दोन इंच खाली होता. जानेवारीत मीच तो काढून तिथे बसवला होता. तिला न विचारता.

गिटारचा एक विशिष्ट आवाज कॉलेजच्या कॅसेटींपासून माझ्या कानात बसलेला आहे. तो नुसता मोठा नाही, फाटलेलाही नाही. सूर सुरू होताना त्याला एक धार असते, मग तो जाड होत जातो, आणि विझताना शेवटी पुन्हा स्वच्छ होतो. हा आवाज गिटारमधून येतो, की तिचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पमधून, की बोटांतून, हे कळायला मला फार वर्षं लागली. त्याचा मोठा वाटा एका अगदी साध्या वस्तूचा आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यात लंडनच्या डॅलस कंपनीने 'रेंजमास्टर' नावाचा एक राखाडी पत्र्याचा डबा काढला. तो पायाने दाबायचा नव्हताच. ॲम्पच्या डोक्यावर ठेवायचा, पुढची सरकपट्टी सरकवायची आणि वाजवायचं. त्या काळचे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे इंग्लिश ॲम्प जरा घोगरे, खालच्या अंगाचे, त्यांना वरचा उजेड मिळावा म्हणून हा ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर वाढवणारा डबा. आयरिश गिटारवादक रोरी गॅलघरने तो व्हॉक्स एसी ३० या ॲम्पला लावून वाजवला, क्वीन बँडच्या ब्रायन मेने वाजवला, बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ बँडमधल्या टोनी आयोमीने तर त्यातून असा काही जडशीळ आवाज काढला की नावातल्या 'ट्रेबल' या शब्दाचा अर्थच उलटा झाला. आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कापली गेली होती. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि पुन्हा वाजवायला बसला. घरी काहीतरी करून बघणाऱ्या कुणालाही ही गोष्ट विसरता येत नाही.

डबा उघडला तर आत फार काही नाही. एक ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टन्स, चार कंडेन्सर आणि कमी-जास्त करायचा एक पॉट. मोजून नऊ वस्तू. बाकी बॅटरी आणि वायरी. पण त्या नऊ वस्तूंचं एकमेकींशी जमलेलं आहे. सूर आत येतो तिथला कंडेन्सर मुद्दाम लहान ठेवलाय, ०.००५ मायक्रोफॅरडचा. त्या अरुंद दारातून खर्जाचे जाड सूर पुरते आत शिरत नाहीत, वरचे शिरतात. ट्रान्झिस्टर त्यांना कित्येक पटींनी मोठं करतो, आणि करताना थोडं वाकवतोही. मग हा मोठा झालेला सूर ॲम्पच्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो आणि तिथे दुसऱ्यांदा वाकतो. खर्ज आधीच मागे ठेवल्यामुळे या वाकण्यात चिखल होत नाही. मला हे नीट कळलं ते तानपुऱ्यामुळे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवतात, एखाद्या केसाएवढा इकडे किंवा तिकडे, आणि त्या एका जागी आल्यावर तीच तार एकदम उघडते. तिच्या आत दडलेले सगळे वरचे सूर बाहेर येतात. तार तीच, भोपळा तोच. मिरजेला तानपुरा करणाऱ्यांच्या दुकानात मी एकदा तासभर नुसतं हे बघत बसलो होतो. ट्रेबल बूस्टर ही माझ्यासाठी विजेच्या गिटारची जवारी आहे.

आणि त्या जवारीचा दोरा म्हणजे तो ट्रान्झिस्टर ज्याचा केलेला असतो ते मूलद्रव्य, जर्मेनियम.

मूळ रेंजमास्टरमध्ये बहुतेक वेळा मुलार्ड कंपनीचा ओसी ४४ नावाचा ट्रान्झिस्टर असायचा. काचेचा, वरून काळा रंग दिलेला. तो काळा रंग शोभेचा नाही. जर्मेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज जास्त वाहू लागते, म्हणून त्याला अंधारात ठेवावं लागतं. जुने हौशी लोक त्याच्याच जातीच्या ओसी ७१चा रंग खरवडून त्याचा उजेड ओळखणारा डोळा करायचे. उजेड कळतो, ऊन कळतं, हाताची ऊब कळते. असा हळवा पदार्थ कारखानदारीला परवडणारा नव्हता. १९४७च्या डिसेंबरात पहिला ट्रान्झिस्टर झाला तो जर्मेनियमचाच, पण पंधरा-वीस वर्षांत सिलिकॉनने त्याला बाजूला सारलं, कारण सिलिकॉन उन्हातही डोकं शांत ठेवतं. मी आधी सिलिकॉनचाच बूस्टर करून पाहिला होता. चालला, आवाज मोठा झाला, कुठे खरखर नाही. पण जोरात वाजवलं की सूर काचेसारखा कडेवरून तुटायचा. मला हवं होतं ते वळण त्यात नव्हतं.

म्हणून जर्मेनियम शोधायला निघालो. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची, तपकीर गल्लीतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घातली. एका दुकानात मी जर्मेनियमच्या एका ट्रान्झिस्टरचा नंबर सांगितला तर गल्ल्यावरचे आजोबा "एसी एकशे अठ्ठावीस?" म्हणून माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या शाळेतल्या एखाद्या मित्राचं नाव घेतलंय. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन पत्र्याचे दोन डबे उपसले, हातांना धूळ लावून घेतली आणि रिकामे परत आले. "पूर्वी किलोवर पडलेले असायचे," एवढंच म्हणाले. मग मी एका ठिकाणाहून पाच ओसी ४४ मागवले. आले ते दिसायला छान, अक्षरं कोरी करकरीत. मीटरच्या डायोडच्या रेंजवर लावले. जर्मेनियम असेल तर ०.२ च्या आसपास आकडा यायला हवा, पाचांपैकी तीनमध्ये ०.६५ आला. म्हणजे आत सिलिकॉन, वर नुसतं नाव. उरलेले दोन जर्मेनियम होते, पण इतके गळके की बेसला, म्हणजे वीज ताब्यात ठेवणाऱ्या पायाला, काही न लावताच मिलिअँपिअरच्या वर वीज वाहत होती. ते कुणाच्याच उपयोगाचे नव्हते.

त्या रात्री मला माळ्यावरचा रेडिओ आठवला.

बाबांनी तो १९७२ साली घेतला. आईच्या सांगण्यात ते साल पक्कं आहे, कारण त्या वर्षी पाऊस नव्हता आणि अशा वर्षी कुणी रेडिओ घेतो का, म्हणून आजी बोलली होती. दोन बँडचा, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह, चार मोठे सेल, तपकिरी चामड्याचं कव्हर, त्याला पुढे जाळीसारखी भोकं आणि खांद्याला अडकवायचा पट्टा. पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स भरायचं, त्याची वहीही बराच काळ कपाटात होती. बाबा त्यावर बातम्या आणि क्रिकेट ऐकायचे, पण खरा तो आईचा होता. ती जिथे काम करेल तिथे तो जायचा. सकाळी ओट्यावर, दुपारी शिवणयंत्राच्या फळीवर, संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावर. स्टेशन नीट लागेना की ती बटण पिळत बसायची नाही. अख्खा रेडिओ उचलून पाव फेरा वळवायची. आवाज स्वच्छ झाला की तसाच ठेवून कामाला लागायची. रेडिओच्या आत फेराइटची दांडी असते आणि ती स्टेशनला आडवी आली तरच नीट ऐकते, हे मला फार पुढे एका पुस्तकातून कळलं. आईला ते हाताला माहीत होतं. आमच्या घरात 'रेडिओचं तोंड' असा शब्द होता. "त्याचं तोंड खिडकीकडे कर," असं ती मला सांगायची.

बाबा गेल्यावर तो कधीतरी बंद पडला. नक्की कधी, ते कुणालाच सांगता येणार नाही. आधीच टीव्ही होता, मग फोन आले. एका दिवाळीच्या आवराआवरीत तो माळ्यावर गेला. बंद पडलाय असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

जानेवारीतल्या त्या रात्री मी स्टुलावर चढून तो उतरवला. कव्हरची प्रेसची बटणं गंजली होती, चामड्याला बुरशी आणि तेल यांचा मिसळलेला वास होता. मागचं झाकण उघडून सर्किट बाहेर काढलं आणि टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा त्याचं पोट पाहिलं. तपकिरी बोर्ड, एखाद्या जुन्या नकाशातल्या नद्यांसारख्या तांब्याच्या वळणदार वाटा, मेणाने बंद केलेल्या कॉइली. आणि एका कडेला, स्पीकरच्या बाजूला, ॲल्युमिनियमच्या पट्टीला क्लिपने धरलेले दोन बुटके ट्रान्झिस्टर. एसी १२८ची जोडी. वर पुसट झालेली तीन इंग्रजी अक्षरं, बीईएल. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूरला १९६२पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर करायला सुरुवात केली, आणि आपल्याकडच्या कितीतरी रेडिओंत हे असे तुकडे गेले. मी इकडे लंडनचा काळा ओसी ४४ शोधत होतो आणि बंगळूरचा एसी १२८ पन्नास वर्षं आमच्याच घरात होता. त्या क्षणी मला खरंच आनंद झाला. तो नाकारण्यात अर्थ नाही.

काढताना मी फार काळजी घेतली. जर्मेनियमला डाग देतानाची उष्णता सोसत नाही. ट्रान्झिस्टरचा पाय बोर्डाजवळ चिमट्याने पकडायचा, म्हणजे आच चिमट्यात जाते, आणि मग खालून गरम टोक लावायचं. जुनं कथील आधी हटून बसतं, मग एकदम पाण्यासारखं चमकून सुटतं. राळेचा धूर वर आला. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी कुठल्यातरी बाकड्यावर बसून हे सांधे जोडले असतील, तेव्हाची राळ होती ती. एकेक पाय सोडवून दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. मग त्यांची परीक्षा. ९ व्होल्टची बॅटरी, २.२ किलोओहम आणि २७० ओहम मिळून साधारण २.४७ किलोओहमचा रेझिस्टन्स, त्याच्या दोन टोकांना मीटर. बेस मोकळा ठेवून जो आकडा दिसतो ती गळती, मग बेसला २.२ मेगओहममधून वीज दिल्यावर जो आकडा वाढतो त्याला शंभरने गुणलं की गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर वीज किती पट करतो तो आकडा. पहिल्याची गळती ०.५२ व्होल्ट, म्हणजे २१० मायक्रोअँपिअर. बेस जोडल्यावर १.३७. वजाबाकी करून गेन ८५. रेंजमास्टरला साधारण ७० ते १०० मधला हवा असतो. मी वाकून मीटरकडे बघत होतो तर आकडा हळूहळू वर चढायला लागला. मी श्वास सोडत होतो तो ट्रान्झिस्टरवर पडत होता. मागे सरकलो, तेव्हा तो परत खाली आला.

एवढा चांगला निघाला तो.

पुढचं काम दोन संध्याकाळींचं होतं. पीएनपी जातीचा, म्हणजे उलट्या दिशेने वीज नेणारा ट्रान्झिस्टर असल्यामुळे सगळं उलटं, बॅटरीची लाल तार डब्याला, काळी तार सर्किटला. सिलिकॉनवर शिकलेला हात दर जोडाला अडखळतो. गिटारच्या इतर पेडलींच्या, म्हणजे पायाने दाबायच्या डब्यांच्या, ॲडाप्टरवर हा चालत नाही, त्याला त्याची स्वतःची बॅटरी लागते. ४७० किलोओहमच्या रेझिस्टन्सच्या जागी मी फिरवता येणारा प्रीसेट घातला आणि कलेक्टरवर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या ज्या पायातून सूर बाहेर पडतो त्यावर, बरोबर ७ व्होल्ट येईपर्यंत स्क्रू ड्रायव्हरने तो फिरवत बसलो. ही ७ व्होल्टची जागा म्हणजे दोरा सरकवून सापडणारी ती जागा. तिथे सूर एका बाजूने आधी दबतो आणि दुसऱ्या बाजूने मोकळा राहतो, त्या असमतोलातून तो गोडवा येतो. मग गिटार लावली, माझ्या लहानशा व्हॉल्व्ह ॲम्पचा आवाज वर नेला आणि सगळ्यात खालची तार एकदा छेडली. खोलीतल्या कपाटाचं दार थरथरलं. तार विझेपर्यंत मी हात हलवला नाही. धार, मग जाडी, मग शेवटी स्वच्छ. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की सगळा फाटलेपणा गळून जायचा आणि घंटेसारखा निखळ सूर उरायचा. कॅसेटींतून ऐकलेला तो आवाज चाळीस वर्षांनी माझ्या खोलीत, माझ्या हाताखाली होता.

जानेवारी, फेब्रुवारी छान गेले. मार्चमध्ये जरा काहीतरी बदललं असं वाटलं, पण तारा जुन्या झाल्या असतील म्हणून सोडून दिलं. एप्रिलमध्ये मात्र कान फसवेना. दुपारी वाजवलं तर आवाज दाटलेला, दमलेला. सूर सुरू होतानाची धार गेली होती आणि विझताना तो थुंकल्यासारखा तुटत होता. पहाटे पुन्हा बरा. डबा उघडून मीटर लावला. कलेक्टरवर ७च्या जागी ५.७. खोलीत ३६ अंश होतं. साधारण दर दहा अंशांना जर्मेनियमची गळती दुप्पट होते, म्हणजे जानेवारीतल्या वीस अंशांच्या संध्याकाळपेक्षा आता तिप्पट गळत होतं. मी ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं तर आकडा आणखी उतरला. बोट काढलं, फुंकर घातली, सावकाश चढला. वीजमापक आहे की ताप बघायचं थर्मामीटर, अशी ती सुई नसलेली आकड्यांची हालचाल मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. आणि नेमकं तेव्हाच लाईट गेले. आणि आई म्हणाली, आपला ट्रान्झिस्टर कुठे आहे रे.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्याचं कारण उकाडा नव्हता. एक साधा हिशोब मी चार महिने केलाच नव्हता. एसी १२८ चांगला होता. त्याचा जोडीदारही चांगला होता, गेन ७८. स्पीकरला आवाज पुरवणारे हेच दोघं, आणि दोघंही ठणठणीत. म्हणजे रेडिओ त्यांच्यामुळे बंद पडलेला नव्हता. कदाचित एखादा कंडेन्सर सुकला असेल, एखादी तार निसटली असेल. परीक्षेत आकडे जितके चांगले आले तितका तो रेडिओ दुरुस्त होण्यासारखा होता, आणि मी त्या आकड्यांवर खूश होऊन त्याचं पोट रिकामं केलं होतं. तो का बंद आहे हे बघायला मला दहा मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही, कारण मला तो बंदच हवा होता.

क्वीनमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटाऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला होता. त्याने तो एका लहानशा स्पीकरच्या पेटीत बसवून ९ व्होल्टवर चालणारा ॲम्प केला. ब्रायन मेने त्याला ट्रेबल बूस्टर लावून असे आवाज रेकॉर्ड केले की ऐकणाऱ्याला सनई-क्लॅरिनेटचा ताफा वाटावा. तो बोर्ड एका पोर्टेबल रेडिओतला, जर्मेनियमचा होता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. ब्रायन मेची स्वतःची गिटारही तशीच, १९६३ साली वडिलांबरोबर घरी करायला घेतलेली, तिची मान कुठल्याशा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची. हे सगळं मला तोंडपाठ आहे आणि जानेवारीत रेडिओ उघडताना मी स्वतःला हेच सांगत होतो. जुन्या वस्तूतून नवा सूर. पण तो बोर्ड कुणीतरी फेकून दिलेला होता. आमचा रेडिओ कुणी फेकला नव्हता. तो ठेवला होता.

रविवारी मी तो परत उतरवला. या वेळी दिवसाढवळ्या, जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून. सेलच्या खणाचं झाकण निघेना, सुरीने उचकटावं लागलं. आत चार सेल तसेच होते. फुगलेले, पांढऱ्या-निळ्या बुरशीसारख्या क्षारांनी एकमेकांना चिकटलेले. गावाला जाताना बाबा आठवणीने रेडिओतले सेल काढून कागदात गुंडाळून ठेवायचे. "फुटले तर सगळं खातात," असं म्हणायचे. त्यांच्यामागे कुणी काढलेच नाहीत. सेलमधून झिरपलेल्या पाण्याने खालची स्प्रिंग खाल्ली होती, आणि स्प्रिंगला जोडलेली बारीक तार हिरवी होऊन तुटली होती. आठ-दहा इंचांची एक तार. तेवढंच.

नवी स्प्रिंग जुन्या टॉर्चमधून घेतली, व्हिनेगरने पत्रा घासला, तार बदलली, सेल घातले. सर्किटच्या पहिल्या भागात वीज पोचली का ते मीटरने बघितलं. पोचली होती. पण स्पीकरकडची ती जोडी नव्हती, तेव्हा आवाज येणं शक्यच नव्हतं. एक एसी १२८ पेडलमध्ये होता, दुसरा माझ्या कप्प्यातल्या डबीत. दोन्ही परत लावावेत का, हा प्रश्न मनात होता आणि त्याचं सरळ उत्तर माझ्यापाशी नव्हतं. जानेवारीतला तो आवाज मला सोडवत नव्हता. मग सुचलं म्हणून एक केलं. रेडिओच्या व्हॉल्यूमच्या वरच्या टोकापासून एका कंडेन्सरमधून तार काढली, दुसरी तार त्याच्या अर्थिंगवरून घेतली आणि दोन्ही पेडलच्या इनपुटला जोडल्या. पेडल ॲम्पला. संध्याकाळ झाली होती, खोली थोडी निवली होती. ट्यूनिंगची चकती पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झच्या आसपास सावकाश फिरवू लागलो. आधी समुद्रासारखी सळसळ, मग एक शीळ, आणि मग शीळ खाली बसत बसत तिच्यातून माणसाचा आवाज वर आला. बारीक, नाकातला, खर्ज नसलेला. ऊस आणि खोडकिडा यांबद्दल कुणीतरी शांतपणे सांगत होतं. रेडिओचा आवाज रेडिओच्याच ट्रान्झिस्टरमधून येत होता, फक्त मधे माझी डबी होती.

आई कणकेच्या हातांनी दारात आली. टेबलावर कव्हराबाहेर काढलेला रेडिओ, तारा, डबी, ॲम्प असं सगळं बघत उभी राहिली. मी म्हणालो, "आई, यातले दोन ट्रान्झिस्टर मी काढले होते. जानेवारीत. तुला न विचारता." तिने कपाळाला आठी घातली. "दोन? एकच तर होता आपला." मी पेडलचं झाकण बाजूला करून तो तुकडा तिला दाखवला. तिने वाकून पाहिलं, बोट जवळ नेलं आणि कणीक लागेल म्हणून मागे घेतलं. "एवढासा," ती म्हणाली. नंतर पदराला हात पुसले, रेडिओ दोन्ही हातांनी तारांसकट उचलला आणि पाव फेरा खिडकीकडे वळवला. सळसळ ओसरली. खोडकिड्यावरचं बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

ती खुर्ची ओढून बसली.

"आवाज बारीक झालाय त्याचा," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "जरा मोठा कर."